तेल संपण्यापूर्वीची तयारी

६ जानेवारी १९७४, रविवार, सकाळी साडेदहा
आजपासून ही वही. रेडिओवर एका प्रोफेसरसाहेबांच्या मालिकेतले पहिले व्याख्यान ऐकले. जगातले तेल संपत आले आहे. सोलापूरची अख्खी भवानी पेठ रॉकेलच्या रांगेत उभी आहे, पण का उभी आहे ते कुणाला विचाराल तर सांगता येणार नाही. मला आता येते. अरब देश, डॉलर, चलनवाढ. सेल कमजोर, त्यामुळे शेवटची पाच मिनिटे ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकली.
संकल्प : वर्षाच्या आत घर संपूर्ण स्वावलंबी करणे.
सुंदरम्माला सविस्तर समजावले. बायकोला विश्वासात घेतल्याशिवाय क्रांती होत नाही. तिने डबा पुढे केला आणि आधी रांगेत नंबर धरा म्हणाली. रांगेत उभे राहणे हेच तर परावलंबन. गेलो नाही. ती गेली.

१३ जानेवारी, रविवार
दुसरे व्याख्यान. प्रत्येक प्रदेशाने आपल्या मातीतले इंधन शोधावे. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोलापूरच्या मातीत काय पिकते? करडई!
दुपारी सुंदरम्मा आमच्या लेकीला, मायाक्काला घेऊन गड्ड्यावर जत्रेला गेली. स्टोव्हमधले रॉकेल बाटलीत काढले, टाकीत करडईचे तेल भरले. पंप मारला. पेटेना. आणखी पंप मारला. तेलाची धार थेट आढ्याला. बर्नर कायमचा तुंबला. स्टोव्हवाला म्हणतो, असे करणारे गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिले. सिद्धांत बरोबर आहे, स्टोव्ह परदेशी बनावटीचा आहे.
महिन्याचे खायचे तेल संपले म्हणून सुंदरम्मा रागावली. ती रागावली की कानडीत बोलते. फक्त ‘साकु’ म्हणाली. म्हणजे पुरे.
जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. भाकऱ्या तिने दिवाळीनंतर थापून, कडक करून डब्यात भरून ठेवल्या होत्या. अजून दोन महिने पुरतील म्हणे. आपल्या लोकांना नियोजन म्हणून माहीत नाही, सगळे जुन्या वळणाने चाललेले.

५ फेब्रुवारी
कारखान्यात मधल्या सुट्टीत व्याख्यानाचा सारांश सांगितला. अक्कलकोट रोडवर टॉवेलचे एवढे कारखाने, पण जागतिक अर्थव्यवस्थेवर बोलणारा फोल्डिंग सुपरवायझर एकटा मीच. मालक बसलिंगप्पाअण्णांनी नंतर केबिनमध्ये बोलावले. वाटले, शाबासकी. तर हैदराबादहून तक्रार आली आहे, डझनाच्या गठ्ठ्यात अकरा टॉवेल निघतात. जगाचा व्यापार बुडतो आहे आणि हे टॉवेल मोजत बसले आहेत.

२४ फेब्रुवारी, रविवार
गच्चीवर डब्यांत लावलेली वांग्याची रोपे : अकरा. शेजारच्या शेळीने खाल्लेली : अकरा. प्रोफेसरसाहेबांनी शेळीचा मुद्दा घेतलेला नाही. पत्र टाकायला हवे.

३१ मार्च, रविवार
मालिकेतले शेवटचे व्याख्यान. शहर हे दुसऱ्याच्या जिवावर जगते, पगार हा सर्वांत मोठा सापळा आहे. ऐकताना अंगावर काटा आला. हे माझ्याबद्दलच होते.
निर्णय : राजीनामा. खेड्यात जाणे.
आमचा लूम फिटर महिपती जेऊरचा. त्याचे चुलते कोंडीबा यांची स्टेशनाजवळ चार एकर जमीन आणि विहीर. माणूस हवाच आहे म्हणे. सुंदरम्माला सांगितले. तिने पोळपाट बाजूला ठेवला.
“मी येणार न्हाई. पोरीची शाळा हाय, नळाला पाणी कवा येतंय ठाव न्हाई. तुमी जावा.”
म्हणजे तत्त्वतः मान्य आहे. तपशील राहिले.

४ मे, शनिवार
राजीनामा दिला. चार पाने, त्यात तेलाचे आकडे. अण्णा हातापाया पडतील म्हणून उत्तर पाठ करून गेलो होतो. अण्णांनी पहिली ओळ वाचली, ‘बरं’ म्हणाले आणि ड्रॉवरची किल्ली मागितली. धक्का लपवण्याची काही लोकांची पद्धत असते.

५ मे, रविवार
पॅसेंजरने जेऊर. कोळशाचे इंजिन, त्यामुळे तत्त्वात बसते. निघताना मायाक्काने विचारले, बाबा कधी येणार. सांगितले, तुम्हा दोघींना न्यायला येईन. सुंदरम्मा पाणी भरत होती. तिने वळून पाहिले नाही. भावना आवरत असावी.
संध्याकाळी स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर पंधरा-वीस लोकांसमोर जाहीर केले की यापुढे डिझेलच्या गाडीत पाय ठेवणार नाही.

६ मे
विहीर पाहिली. तिच्यावर डिझेलचे इंजिन.
“बैलं दुष्काळात गेली,” कोंडीबा म्हणाले. “इंजान हाय, पर डिझेल कुटं हाय? म्हनून तर माणूस मागिवला.”
बादली आणि दोर दाखवला. बावीस बादल्या ओढल्या. तळहाताला फोड. अंगमेहनतीचा आनंद वेगळाच.

९ मे
आनंद कमी होत आहे. काही महत्त्वाची पुस्तके घरी राहिली आहेत, ती आणायला दोन दिवस जावे म्हणून स्टेशनवर गेलो. रेल्वेचा संप! कालपासून गाड्या बंद. टपरीवाला म्हणाला, एसटी आहे की. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणालो, एसटी डिझेलवर चालते. पायी परत.

१५ मे
ट्रान्झिस्टरचे सेल संपले. संप मिटला की नाही कळायला मार्ग नाही. घरून पत्र नाही. सुंदरम्माचे बिचारीचे हाल होत असतील, पण मानी बाई, लिहायची नाही. नऊ दिवसांत मी काढलेले पाणी मिरचीच्या दीड वाफ्याला पुरले.
“तुमी लई शिकल्याली माणसं,” कोंडीबा म्हणाले, “पर बादली भरून येत न्हाई तुमची.”

२० मे
पत्र नाही. टपाल संपामुळे अडले असेल. मायाक्काला दरवर्षी पावसाळ्याआधी ताप येतोच. कुणी डॉक्टरकडे नेले असेल? आज पहिल्यांदा भीती वाटली. त्या दोघींची की माझी, नीट कळले नाही.

२३ मे, गुरुवार
एसटीने आलो. टपरी चुकवून मागच्या वाटेने स्टँड गाठला. सोलापूरपर्यंत उभा.
घराला कुलूप. शेजारची म्हणाली, पोरगी माझ्याकडे जेवली आणि खेळायला गेली, सुंदरम्मा कारखान्यात. कुठल्या कारखान्यात? तुमच्याच की.
किल्ली घेऊन आत गेलो. कोपऱ्यात रॉकेलचा डबा भरलेला. स्टोव्हला नवा बर्नर. डब्यात कडक भाकरी काठोकाठ. कुठेही काही अडलेले दिसेना. मला बसायला जागा सापडेना.
सहाला ती आली. वाटले होते, रडेल. चप्पल काढता काढता तिने विचारले,
“किती दिवस राहणार हाय?”
पाहुण्याला विचारतात तसे.  मग तिच्याकडूनच हळूहळू कळले. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अण्णांकडे राजीनामा फाडा म्हणून सांगायला गेली होती. तिथे गठ्ठे पडलेले, ट्रक उभा, मोजायला कुणी नाही. ती बसली आणि मोजून दिले. तेव्हापासून हैदराबादची तक्रार नाही. माझ्या खुर्चीवर आता ती बसते.

२४ मे
अण्णांकडे गेलो. जागा भरली म्हणाले. फोल्डिंगला एक हात कमी आहे, टेम्पररी, पण माणसे घेणे सुपरवायझरकडे, त्यांना विचारा. सुपरवायझर तिथेच गठ्ठ्यांची वही घेऊन उभी होती. मी विचारले. अण्णांसमोर विचारले. ती ‘बघते’ म्हणाली आणि वही घेऊन गेली.  संध्याकाळी ताट वाढले आणि पाणी भरायला गेली.

२५ मे, शनिवार
सकाळी आठ वाजता बोलावणे नसताना कारखान्यात जाऊन रांगेत उभा राहिलो. शेवटचा. हजेरी तीच घेते, नावे मोठ्याने वाचून. संगप्पा. हजर. सोजरबाई. हजर. एकेक करून सगळे झाले. ती थांबली. वहीत शेवटी एक नाव शाईने नव्याने लिहिलेले होते, मला लांबून तेवढेच दिसले. नवऱ्याचे नाव ती आजवर कधी घेतलेली नाही.  मला वाटले, आता वही मिटणार. 
तिने मान वर केली नाही.
“आमच्या घरचे,” ती म्हणाली.
बायका हसल्या. महिपती हसला. मी हजर म्हणालो, पण हसण्यात ते ऐकू गेले नाही, म्हणून तिने पुन्हा पुकारले.