मागची गोष्ट सांगणाऱ्याचे मृत्युपत्र

मी, किशनराव मुंजाजी ढगे, वय ७४, राहणार वालूर, ता. सेलू, जि. परभणी, डोके ठिकाणावर असताना व कोणी भरीस घातले नसताना लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी तानुबाई हिची. माझ्या टॉकीजमधले उंदीर सांभाळण्यापेक्षा म्हशी सांभाळा, असे ती तीस वर्षे सांगत आली. तिचेच खरे ठरले.

२. पत्र्याचे टॉकीज मुलगा हरिओम याचे. त्याला तिथे मंगल कार्यालय करायचे आहे, खुशाल करावे. खुर्च्या रिकाम्या राहिल्या यात प्रेक्षकांचा दोष नाही. उडणाऱ्या वीरांचा एक सिनेमा कळायला मागचे सोळा पाहिलेले लागत. आमची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊन चैत्रात परतत, तेवढ्यात तीन भाग होऊन जात. म्हणून सिनेमाआधी मी माइकवर मागची गोष्ट सांगे. पाच मिनिटांची ती गोष्ट पुढे पाऊण तासाची झाली. शेवटी सांगताना मलाच जांभया येत.

३. सिनेमे पुरवणारा गोपीचंद याला तेराव्याच्या जेवणाला बोलावू नये. एक मागितला की तो चार गळ्यात मारी.

४. माइक नात राजनंदिनी हिला. अट एकच, सुरू केलेली गोष्ट त्याच बैठकीत संपवावी.

५. गावातल्या ऊसतोड करणाऱ्या छबूबाईंची मी माफी मागतो. त्यांचे पती आसाराम उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेले. हंगाम चालू होता, बाईंना रडायलाही सवड मिळाली नाही. गावी परतल्यावर पडद्यावर एक वीर मेला, तेव्हा त्या पहिल्या रांगेत ढसाढसा रडल्या. पुढच्या चैत्रात मीच माइकवर सांगितले की तो जिवंत आहे, मेला तो दुसऱ्या जगातला होता. त्या उठून माझ्यापाशी आल्या.

"मालक, त्याच्यासंगं मी माझ्या माणसाला रडले व्हते. त्यो आला, माझा न्हाई आला."

त्यानंतर त्या टॉकीजची पायरी चढल्या नाहीत. माझे मन मला आजही खाते. माझ्या तेराव्याला मागचापुढचा भाग नसलेला एकच सिनेमा लावावा व बाईंना पहिल्या रांगेत बसवावे. टॉकीजची तोडफोड त्यानंतर करावी.

ठिकाण: वालूर. दिनांक: १४ मे २०२५.

सही: किशनराव मुंजाजी ढगे

साक्षीदार १: पंडित सखाराम मगर, निवृत्त शिक्षक (सही)

साक्षीदार २: छबूबाई आसाराम वाघ (डावा अंगठा). मजकूर मगर गुरुजींनी वाचून दाखवला. बाई अंगठा देऊन म्हणाल्या, "येते मी तेराव्याला. रडंन बी तुमच्यासाठी. पर तुमी परत येऊ नका, मालक."