तांदळात लिहिलेलं नाव

आई, काल त्या गोऱ्यांच्या दफनभूमीत जाऊन आले. तू असतीस तर मागच्या दारातच अंगावर घागर ओतली असतीस.

तेव्हाही ओतली होतीस. संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. इतिहासाच्या बाई आम्हा मुलींना गावाबाहेर तिथं घेऊन गेल्या. निवडुंग, शेळ्या, काळे पडलेले दगड. बाई म्हणाल्या, पुस्तकातले राजे परीक्षेपुरते; आपल्या गावात राहून गेलेली माणसं इथं बघा. मग एकेक दगड वाचून मराठीत सांगू लागल्या. हा रस्ते बांधणारा इंजिनिअर, हा पटकीनं गेलेला डॉक्टर, ही एकाच तापात गेलेली दोन भावंडं. आम्ही फिदीफिदी हसत होतो, त्या भावंडांपाशी गप्प झालो. एका दगडावर नुसतं 'कॅप्टनची प्रिय पत्नी' एवढंच होतं. मी विचारलं, तिचं नाव काय? दगडावर नाही, म्हणाल्या. परतताना त्यांनी काम दिलं: आपल्यात तर दगडसुद्धा राहत नाही, तेव्हा घरी जाऊन आईला तिचं माहेरचं नाव विचारून या.

तू मला वेणीसकट भिजवलंस आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बाईंचा उद्धार केलास. पोरींना शिकवायला दुसरी जागा मिळाली नाही का, उद्या येतेच शाळेत, असं बरंच काही. मी कुडकुडत नाव विचारलं. तू म्हणालीस, "हाय की एक. सगळी हाक मारत्यात तेच." मी हट्टानं म्हटलं, ते नव्हे, तुझ्या माहेरचं, मुरगूडचं. तू गप्प झालीस. तू गप्प बसणं आमच्या घराला नवीनच होतं.

भाकरी थापता थापता मग बोललीस. लग्नात ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं आणि मांडवातल्या गलक्यात काही ऐकूही आलं नव्हतं. सासरी सगळे हाका मारत होते, तू आपली मान खाली घालून बसलेली. नवरी बहिरी निघाली, असं सगळ्यांना वाटलं. हे सांगताना खूप हसलीस. मग म्हणालीस, "आई न्हाय, आबा न्हाय. त्या नावानं हाक मारणारं आता कोण ऱ्हायलंच न्हाय गं." आणि तव्याकडं बघत ते नाव सांगितलंस. वर वर्गात सांगायचं नाही अशी शपथ घातलीस. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आल्यावर मी नुसती उभी राहिले. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि बस म्हणाल्या.

तू गेलीस तेव्हा दादानं नगरपालिकेच्या कागदावर तांदळातलं नाव लिहिलं. ते बरोबरच होतं, मी काही बोलले नाही. पण काल कॅप्टनच्या बायकोचा दगड शोधला तर त्यावरची उरलीसुरली अक्षरंही आता लागत नाहीत. मला भीती वाटली, आई. तुझं नाव जगात एका माझ्याच डोक्यात होतं आणि माझी सत्तरी उलटली आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तरीही ते नाव इथं लिहायला हात धजत नाही. मात्र शपथ फक्त वर्गाची होती, हे धरून काल घरी आल्यावर नातीला सांगून टाकलं. तिनं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. तुझ्यानंतर पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ते ऐकलं, आणि मला रडू आवरेना.