कोहक्यात मेलेला मी

८ मार्च

बायकोचे, रंभाचे, गुडघे कालच्यापेक्षा बरे. पोराचं, कमलेशचं, बी.पी. गोळीनं खाली आलं. नातीचा, उन्नतीचा, ताप उतरला — वरण-भात मागून राहिली. शेजारच्या गयाबाईची दाढ अजून ठणकते. तिच्या नवऱ्याले, देवीदासले, तर जन्मात कधी सर्दी झाली नाही. आणि मी? मी मेलो.

खरंच! मोबाईलवर आलं. मी स्ट्रेचरवर, तोंड वासलेलं, डोक्यातून रक्त. खाली हिंदीत लिहिलेलं — कोहका में अपने आदमी को काट डाला, कब तक चुप रहोगे. रंभानं पाहिलं आणि आधी मले चिमटा काढला.

फोटो मॉक ड्रिलचा आहे. नोकरीत होतो तेव्हा दरसाल स्टील प्लांटात गॅसगळतीची तालीम व्हायची — सायरन, अँबुलन्स, सगळं. कोणाले तरी मेलेला व्हा लागे. मी पापणीही हलवत नसो, म्हणून दर वेळी मीच. रक्त म्हणजे बाया पायाले लावतात तो माहुर. फोटो तेव्हाच्या सगळ्यायजवळ होता. कोणी उचलला, खाली ते कोणी लिहिलं, देव जाणे.

परवा कोहक्यात, त्या पलीकडच्या वस्तीत, मिरवणुकीच्या रस्त्यावरून दोन समाजायचं भांडण झालं होतं, तेवढंच. विझतही आलं होतं.

दिवे लागताना —
कोहक्यात इदरीस टेलरचं दुकान जाळलं. त्याच्या डोक्यात रॉड घातला. माझ्या मरणाचा बदला! ज्या सफारीत मी रिटायर झालो तो त्यानंच शिवलेला.

सरकारनं नेट बंद केलं. बरं केलं.

९ मार्च

कर्फ्यू. दूध नाही. काळा चहा.

कमलेशसंगं वाजलं. मी म्हटलं, ज्यानं ज्यानं हा फोटो पुढं ढकलला त्या सगळ्यायले आत टाका, मोबाईल भट्टीत टाका. तो म्हणते, बाबा, खोटं कोणतं हे ठरवणार कोण? आज फोटो आहे, उद्या कोणी नळाच्या गढूळ पाण्याबद्दल लिहिलं तरी अफवाच म्हणतीन.

"अरे, मेलेला माणूस तुह्यापुढं भाकर खाऊन राहिला! अजून काय ठरवाचं?"

तो हसला नाही. मले म्हातारपणी बोलता येते, ऐकता येत नाही, असं रंभा म्हणते.

१० मार्च

देवीदासले नेलं. आमच्या देवीदासले!

गयाबाई पदर खोचायचं विसरून तशीच आली. पोलिसांजवळ कागद आहे म्हणे — फोटो आमच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर त्यानं टाकला, तिथून कोणीतरी कोहक्यात पोचवला. पण खालचं ते हिंदी लिहाले देवीदासले टाइप कुठं करता येते? तो आधी फोटो पाठवते, मंग त्याबद्दल बोलून पाठवते. दिवसातून धा वेळा. आम्ही कोणी धड ऐकत नाही. या वेळीही त्यानं मागून आवाज टाकला होता, आज ग्रुप उघडला तेव्हा दिसलं. फोटो गेला गावभर, आवाज राहिला ग्रुपात.

चोर सोडून संन्याशाले फाशी. काल मी काय म्हटलं होतं ते कमलेशनं काढलं नाही. पोरगा भला आहे.

११ मार्च

दोन तास सूट होती. ठाण्यात गेलो. ठाणेदार तरणा आहे, अदबीनं बोलते.

"दादाजी, मृतक आप ही हैं?"

शिपाई हसले. मले चहा दिला. माझा फोटो काढला, जिवंतपणाचा. मंग म्हणते, आप ज़िंदा हो, अच्छी बात है, पर उधर एक आदमी अस्पताल में पड़ा है. खरं आहे. मी आवाजाचं सांगितलं, ही मस्करी होती हे त्यातून कळन म्हटलं. म्हणते, तो आवाज़ लाइए.

देवीदासचा मोबाईल सील होऊन रायपूरले गेला. ग्रुपातल्या बाकीच्यायनं भीतीनं सगळं पुसून टाकलं. माझ्याजवळ आहे — पण नेट बंद झालं तेव्हा अर्धाच उतरला. बोट ठेवलं की गोल फिरते, उघडत नाही.

जाताना देवीदास गजाआडून म्हणे, "शालिक्या, मी बोललो ना त्यात सगळं. तू ऐकव यायले."

मले शिवी न देता बोलला. तेच लागलं.

१२ मार्च

दुर्गच्या जेलात नेलं. आत स्वेटर चालते का, गयाबाई विचारून राहिली. मार्चात!

१३ मार्च

अजून बंद. सूट मिळाली तसा कमलेश पार शहराबाहेर रसमड्यापर्यंत फिरून आला, कुठंच नेट नाही.

खोटं आधीच निघून गेलं, आणि मंग दार लावलं. खरं घरातच कोंडलं. वकील म्हणते, आवाज असला तर जमानत पक्की. इदरीस अजून बोलत नाही. त्याच्या बायकोले भेटाले निघालो, कोपऱ्यावरून परत आलो. काय म्हणू — मी तोच, ज्याच्यापायी…?

गयाबाईले मात्र छातीवर हात ठेवून सांगितलं, वहिनी, आवाज माझ्याजवळ आहे, देवीदास आला म्हणून समजा. ती पहिल्यांदा पोटभर जेवली, आमच्याच घरी.

१४ मार्च

नेट आलं. आवाज उघडला. देवीदासच.

"मेला ना शेवटी शालिक्या! पाहा रे, आपल्या माणसाले मारलं! चला सारे, कोहका पेटवून येऊ — मयतीचा चहा शालिक्याच पाजते!" आणि मंग त्याचं ते खोकत खोकत हासणं.

आमच्यातलं कोणीही हसलं असतं. मी पहिला हसलो असतो.

गयाबाई दारात उभी आहे. "भावजी, आला न आवाज? काय म्हटलं त्यायनं? लवकर सांगा."