आठ पायांची दिवाळी

१२ ऑक्टो., शनि.
दसरा. शिलाई मशीनला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि तासाभरात त्याच मशीनवर हॅलोविनच्या वेषाचा ऑक्टोपस. रंग ओवीने निवडला, जांभळा. तिचे स्वतःचे हात-पाय धरून चार, बाकी चार जुन्या लेगिंग्जमध्ये उशीचा कापूस भरून. "आई, मुंगीपेक्षा बेटर हवं." मागच्या हॅलोविनला मुंगीचे दोन पाय रस्त्यात गळाले, ते अजून माफ नाही. आठ वर्षांची पोर, पण सासूसारखं लक्षात ठेवते.
शिवायचं मी. घालून फिरायचं तिच्या बाबाच्या, अजितच्या गल्लीत. त्याचं नवं घर, तिथे म्हणे दारोदार मुलांची झुंबड असते.

१५ ऑक्टो., मंगळ.
मार्चमधली ती खोली डोक्यातून जात नाही. घटस्फोटाचे कागद, मेडिएटर बाई एकेक सण विचारतायत. पाडवा माझा, गणपती माझे, दिवाळीसाठी तर भांडले. अजितने हॅलोविन मागितलं, मी हसून देऊन टाकलं. ते काय आपलं! बाहेर येऊन नागपूरला आईला फोन केला, दिवाळी मिळाली म्हणून.
दिवाळीत ओवी एक चकली खाते आणि आयपॅडकडे वळते. महिनाभर मला चिकटून बसते ती या कापडांसाठी. आमचा दोघींचा खरा सण हा होता. आपल्याच पायावर धोंडा.

२० ऑक्टो., रवि.
पंचांग बघितलं आणि खाली बसले. लक्ष्मीपूजन इथे अमेरिकेत ३१लाच, हॅलोविनच्याच संध्याकाळी.
अजितला फोन. "भारतात बरेच जण एक तारखेला करतायत. तूही एकला कर ना यार."
"इथली अमावस्या एकतीसच्या संध्याकाळी आहे, यार."
"मग काय, दिवाळी तुझी, हॅलोविन माझं. तूच ठरव." लग्नातही हेच. तूच ठरव, आणि मग तोंड पाडून बसायचं.
आई म्हणाली, "सोडू नको. हक्काचा सण आहे. यंदा सोडलास की दरवर्षी मागेल."
खरंय. कळवून टाकलं, ओवी माझ्याकडे.

२६ ऑक्टो., शनि.
ओवीला आज सांगितलं. रडली नाही, पाय आपटले नाहीत. ऑक्टोपसची घडी घातली, कापसाचे पाय नीट आत दुमडले. "इट्स ओके, आई. मी पूजेला घालीन. लक्ष्मी विल लाइक इट."
तिने आकांत केला असता तर मी ठाम राहिले असते.

२९ ऑक्टो., मंगळ.
अजितला मेसेज : गुरुवारी पाचला येऊन ने. रविवारी आणून सोड. उत्तर : थँक्स, रिअली.
आईला सांगितलेलं नाही.

३१ ऑक्टो., गुरु.
ऐंशी डिग्री फॅरेनहाइट! ऑक्टोबरच्या शेवटी! मी आपली दरवर्षीसारखी आत जाड स्वेटर बसेल इतकं ढगळ शिवलेलं. स्वेटर नाही म्हटल्यावर ऑक्टोपस सगळा ओघळला, बाह्या बोटांच्या खाली. एक पाय तर लटकायलाच लागला. आणि अजित खाली गाडीत. दारातच ऑक्टोपसला ओवाळलं. "आई, जपून! दिव्याने माझा पाय जळेल!" गेली. लिफ्टमधून हात हलवला की पाय, कळलं नाही.
पूजा एकटीने. लाह्या, बत्तासे, केरसुणी म्हणून कोपऱ्यातला झाडू. आरती म्हणायला सुरुवात केली, टाळ्या एकटीच्याच.
दार वाजलं. शेजारची दोन मुलं, एक भूत, एक फायरमन. कँडी घरात नव्हती. बत्तासे दिले. भुताने थँक यू म्हटलं. दार लावून खूप रडले.

३ नोव्हें., रवि.
ओवी आली. दारात भाऊबीजेला निघालेल्या शेजाऱ्यांची गडबड, त्यात ही, पिशवीभर कँडी आणि ऑक्टोपस.
धुवायला काढला तर बाह्या आखूड. कंबर चापून बसवलेली. उलटा करून पाहिला. आतून बारीक टाके, जांभळाच दोरा, सगळे सारखे. माझे टाके असे कधी आले नाहीत.
"हे कुणी केलं गं?"
"नेहा आंटी. बाबाची फ्रेंड. माझा पाय पडत होता ना, तिने फिक्स केला. शी इज नाइस, आई."
अजितच्या घरात सुई सापडत नसे. आता जांभळा दोराही आहे.
मला वाटलं होतं, मी एक संध्याकाळ देतेय.
टाके उसवायला कात्री घेतली. परत ठेवली. पाय खरंच पक्का बसलाय, ओढून पाहिला.
ओवी जमिनीवर कँडीचे ढीग लावत बोलत होती. "नेक्स्ट इयर मी व्हेल. मोठ्ठा. तू डोकं कर. नेहा आंटी शेपटी करेल. ओके?"
पुढच्या वर्षीचं पंचांग बघितलं. दिवाळी दहा-अकरा दिवस आधीच आहे, भांडायला जागाच नाही. हॅलोविन सरळ अजितचं.
"आई? ओके?"
 
व्हेलला कापड कुठलं हवं, एवढं विचारलं.