जातमुचलक्यावरची सही

१३ ऑक्टोबर, सोमवार

—आणि काकासाहेबांनी कागद परत माझ्याकडे सरकवला.

"चारुता मॅडम, वकीलपत्रावर अंगठा. जातमुचलक्यावर सही. बाई एकच, हे कशावरून?"

काकासाहेब कोर्टातले जुने कारकून. उगाच अडवत नाहीत. चूक माझीच. चौदा महिन्यांपूर्वी हर्सूल तुरुंगात कडूबाईने माझ्या वकीलपत्रावर अंगठा उठवला. त्यानंतर दर शनिवारी महिला विभागातल्या माझ्या वर्गात मीच तिला अक्षरं शिकवली. आता जामीन झाला. जातमुचलक्यावर, म्हणजे सुटकेसाठी स्वतः द्यायच्या हमीच्या कागदावर, तिने सही केली — कडूबाई सखाराम, तिरकी, पण पूर्ण. मी कौतुकाने पाहत राहिले. सत्तावीस वर्षं वकिली, आणि एवढं सुचलं नाही!

काकासाहेब म्हणाले, "नवा कागद करा, अंगठा घ्या, मोकळं करा बाईला. दहा मिनिटांचं काम."

१४ ऑक्टोबर

नाही म्हणाली.

"अंगठा नाय द्यायची मी आता."

"कडूबाई, एकदाच. सुटाल."

"एकदाच म्हून तर वावर गेलं, बाई. दिरानं कागद आणला, वारसाचा हाय म्हणला. काय लिवलंय, कुणी वाचून दाखवलं नाय."

त्याच दिराच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला म्हणून ती आत आहे.

मग माझ्याकडे बघून हसली. "तुमीच सही शिकवली अन् तुमीच म्हणता अंगठा द्या. लई भारी शिक्षण हाय तुमचं!"

१५ ऑक्टोबर

सही मान्य करावी, असा अर्ज दिला. सुनावणी दिवाळीच्या सुट्टीनंतर.

तिच्या लेकीला, सोनियाला, नववा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोर माहेरी येऊन बसलीय. आई नसलेल्या घरात.

संध्याकाळी नेदरलँड्सच्या प्राध्यापकबाईंशी संगणकावर बोलणं. शुक्रवारी अकराच्या विमानाने निघायचं, सोमवारी तिकडे करारावर सह्या. दरवर्षी त्यांचे विद्यार्थी आमचा तुरुंगातला वर्ग पाहायला येणार. तीन वर्षं यासाठी पत्रं लिहिली.

त्यांनी विचारलं, किती स्त्रिया शिकल्या?

एकोणीसजणी सही करतात, म्हटलं. खूश झाल्या.

आणि वाचतात किती?

मी म्हटलं, आवाज नीट येत नाही.

१६ ऑक्टोबर

आवाज नीट येत होता.

सही आधी शिकवली, कारण ती लवकर येते. अहवालात मोजता येते. पुढे त्या आपापल्या वाचायला लागतील, असं धरून चालले. विचारलं कुणालाच नाही.

दुपारी कडूबाईला तारीख सांगितली. अंगठ्याचं काढलं नाही. काढायचा मला हक्क नाही.

तिने बोटांवर दिवस मोजले. "तवर पोरगी बाळंत हुईल की."

"होईल."

भिंतीकडे तोंड करून बसली. मग तशीच म्हणाली, "सकाळी या. कागद आणा. अंगठ्याचा."

मी तिचा हात धरला. खरबरीत हात.

"उद्या इमानात बसून जाणार म्हणं तुमी?"

"व्हय," मी म्हटलं. तिची बोली माझ्या तोंडी! दोघी हसलो. तिने डोळे पुसले, मग पदराचं तेच टोक माझ्यापुढे धरलं.

१७ ऑक्टोबर

सकाळी नऊला कागद तिच्यापुढे ठेवला. तुरुंगाधिकारी बाईंनी शाईचं पॅड उघडलं. कडूबाईने ते बाजूला सारलं, कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. वाचायला लागली. मोठ्याने. मी वाचून दाखवू का, विचारलं, तर हात वर केला — थांबा. 'न्यायालयात'पाशी दोनदा अडली. पुन्हा मागे जाऊन आली. बाईंनी पॅड मिटलं, शाई वाळू नये म्हणून. पाऊण पान, दीड तास. मग अंगठा दिला.

मी कागद घेऊन कोर्टात पोचले तेव्हा विमान गेलं होतं. संध्याकाळी ती घरी गेली.