शेकानंतरचा डाग

चकलांबा,
दि. १८ एप्रिल २०१३

आदरणीय बद्रीनाथराव यांना राधाकिशनचा नमस्कार.

उमापूरला सगळे खुशाल असतील. इकडं टँकर तिसऱ्या दिवशी येतो. निम्मी जनावरं चारा छावणीत, आमच्या दूध संस्थेत सकाळी दोनच कॅन भरतात. तुम्हाला दोनदा फोन केला, तुम्ही कापला. कारखान्याच्या निवडणुकीत मी तुमच्या विरोधी पॅनलसाठी फिरलो, तेव्हापासूनचा राग आहे. असू द्या.

तुमच्या बहिणीबद्दल लिहायचंय. छबूच्या डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशनचा शेक दिला, एवढं तुमच्या कानावर असेलच. फेब्रुवारीत औरंगाबादला एमआरआय केला. ती बाहेर बाकावर होती. डॉक्टर मला म्हणाले, "पांढरा डाग वाढलाय. गाठ परत आली असेल, नाहीतर नुसती शेकाची सूज असेल. आज सांगता येत नाही. दोन महिन्यांनी परत बघू."

बाहेर येऊन मी तिला सांगितलं, सगळं साफ आहे. सुजेच्या गोळ्या ताकदीच्या म्हणून दिल्या. फिल्म संस्थेत पेंडीच्या पोत्यांमागं लपवली.

होळीनंतर ती पेंड न्यायला आली आणि तिला ती सापडली. दारात उन्हाला धरून बघत राहिली.

"वाचता येत न्हाई मला, पण पांढरं दिसतंय की. पयल्यापेक्षा लई मोठं हाय. कावून लपवलं?"



परवा परत एमआरआय झाला. डाग निम्म्यावर आलाय. ती सूजच असावी, असं डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं. पुढंही दर तीन महिन्यांनी बघत राहायचंय. ती त्यांनाच म्हणाली, "यांनीच तुमाला शिकवून ठिवलं असंल." मी दोन्ही फिल्म शेजारी धरल्या, तर म्हणते, ही नवी दुसऱ्या कुणाची तरी हाय.

कालपासून तिनं गोळ्या सोडल्यात. "मरायचंच हाय तर कशाला?" त्या एकदम बंद केल्या तर जिवाला धोका आहे, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी पाया पडलो. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

डॉक्टरांचा नंबर मागं लिहिलाय. तुम्ही स्वतः विचारा आणि ते सांगतील ते तिला सांगा, चांगलं असो की वाईट. माझ्यासाठी तुम्ही कधीच खोटं बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

दुधाच्या टेम्पोवरच्या हरिबाजवळ हे पत्र देतोय. तुमचं वाचून होईपर्यंत तो थांबेल. त्याच्यासोबतच या. मला चार शिव्या दिल्यात तरी चालतील, पण आधी तिला गोळी घ्यायला लावा.

बायकोचा विश्वास घालवून बसलेला,
राधाकिशन