वेदश्रीचा सा

२ एप्रिल २००४, धारवाड
आलो एकदाचा! मुंबईच्या खोलीत माझा मॉड्युलर सिंथेसायझर मावत नव्हता. इथे शेषगिरी अण्णांच्या माडीवर तो ऐसपैस मांडला. अण्णा निवृत्त मास्तर. खाली ते आणि त्यांची मुलगी वेदश्री. हुबळीला कोप्पीकर रोडवरून वायरी आणल्या. हे यंत्र काय करतं ते सांगता सांगता घसा सुकला. शेवटी दुकानदाराने विचारलं, की हे लग्नात वाजवतात का. आनंद आहे.

४ एप्रिल
वेदश्रीची महिनाअखेरीस रेडिओची परीक्षा आहे. उजाडलं की तंबोरा घेऊन तेच ते दळण. या गावात ज्याला त्याला वाटतं, गाणं म्हणजे आपल्याच घरची जहागीर. त्यापेक्षा माझं यंत्र बरं. रँडम जनरेटर दर ठोक्याला मनाला येईल तेवढं व्होल्टेज सोडतो आणि त्याप्रमाणे यंत्रातले तीन आवाज स्वर बदलतात. प्रत्येक आवाजाला एक लाल दिवा. राग नाही, गुरू नाही, पाया पडणं नाही.

७ एप्रिल
तिन्ही आवाज खालच्या तंबोऱ्यावरून लावून घेतले. फुकटचा सा कोण सोडतो! अण्णा वर येऊन अजिजीने सांगून गेले, की त्यांच्या घरात ज्याच्या तंबोऱ्यावरून सा घेतला त्याच्यामागे बसायचं असतं आणि गाणारा उठेपर्यंत उठायचं नसतं. मास्तरकी काही जात नाही माणसाची. मी मान डोलावली आणि ते जाताच यंत्र मोठ्याने लावलं.

१२ एप्रिल
गंमत झाली. वेदश्री भूप गाता गाता भलतीकडेच उडाली. ऐकतो तर माझ्या यंत्रातल्या दुसऱ्या आवाजाचे स्वर! जनरेटरचा वेग वाढवला, तर ती धापा टाकत मागोमाग. इतक्या वर्षांचा रियाज आणि एका खोक्यापुढे लोटांगण. पोट धरून हसलो.

१५ एप्रिल
यंत्र बंद केलं, तर खालचं गाणंही बंद. अण्णा सांगत आले, तिच्या तोंडून शब्दच फुटत नाही. पुन्हा चालू केलं, तशी ती यंत्रामागोमाग स्वरांवरून उड्या मारत गाऊ लागली. गाताना रडत होती. आज हसू आलं नाही.

२० एप्रिल
अण्णांनी हात जोडले. परीक्षेपुरता तरी यंत्रावर भूप वाजवा म्हणाले. जनरेटर काढून हाताने बटणं फिरवली. भूपात कोणते स्वर लागतात ते मला ठाऊक नाही. विचारावं लागलं, एका मास्तराला! दर चुकीला खाली तिचा आवाज फाटतो. लाज वाटते. भीतीही.

२६ एप्रिल
सगळ्या वायरी उपटल्या. तिसरा दिवा तरी लुकलुकतो. मी बोललो की. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर —

२८ एप्रिल
आज परीक्षा. सकाळीच वीज गेली. आणि खाली वेदश्री गातेय! स्वच्छ भूप, तिचा स्वतःचा. सुटली पोर.

पण वीज नसताना हे दिवे —

ती थांबली. माझा श्वासही. तोंड उघडलं, छाती हलेना. डोळ्यांपुढे अंधार —

पुन्हा गातेय. गा, बाई. गात राहा. तुझं दळण चालू दे —

ओरडायला गेलो. तोंडून फक्त तिचा गंधार —

खाली अण्णांनी तिला कानडीत सांगितलं, साकु, एळु. पुरे, ऊठ म्हणतायत. निघायची वेळ —

तंबोरा खाली ठेवला. ती उठ